मुक्त ज्ञानकोशात आपले गाव : चंदनसारच्या एका विद्यार्थिनीचा अनुभव

ज्ञानकोशनिर्मितीची महाराष्ट्राची परंपरा शतकभराची आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी अपुरी साधने व द्रव्याची सततची टंचाई यांना न जुमानता महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड सिद्ध केले. राज्याच्या स्थापनेनंतर लगेचच, १९६० मध्ये, साहित्य संस्कृती मंडळ अस्तित्वात आले आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाई येथे मराठी विश्वकोशाच्या कार्यास चालना मिळाली. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला व १ डिसेंबर १९८० रोजी विश्वकोश निर्मितीसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन करण्यात आले. या कोशांची कार्यपद्धती ठरलेली होती. विषयातील जाणकाराने नोंद लिहावी, संपादकांनी ती तपासावी आणि छापून झाल्यावर वाचकाने ती वाचावी. लेखक, संपादक व वाचक या तीन भूमिका परस्परांपासून वेगळ्या होत्या.

गेल्या पंचवीस वर्षांत यापेक्षा निराळ्या पद्धतीचा एक ज्ञानकोश जगभर रूढ झाला आहे. १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झालेल्या विकिपीडियाची मराठी आवृत्ती १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनी, सुरू झाली. आज तिच्यातील लेखांची संख्या एक लाखाच्या घरात आहे. या कोशात लेखक, संपादक व वाचक या तिन्ही भूमिका एकच व्यक्ती पार पाडू शकते. वाचता वाचता एखादी चूक आढळली तर वाचकाने ती तेथल्या तेथे सुधारावी, अशी सोय त्यात आहे. लेखनाचे मानधन नाही आणि लेखावर लेखकाचे नावही झळकत नाही.

अशा खुल्या व्यवस्थेत लिहिलेल्या मजकुरावर विश्वास कसा ठेवावा, हा प्रश्न शासकीय अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्या प्रश्नाचे उत्तर तत्त्वचर्चेपेक्षा प्रत्यक्ष अनुभवातून अधिक स्पष्ट होते. म्हणून प्रस्तुत लेखकाच्या परिचयातील एका विद्यार्थिनीने आपल्या गावाविषयीच्या लेखात केलेल्या संपादनाची हकीकत येथे दिली आहे.

पहिला प्रयत्न

ही विद्यार्थिनी चंदनसार येथे राहते. पालघर जिल्ह्याच्या वसई तालुक्यातील ही वस्ती विरारच्या पूर्व भागात आहे आणि आज ती वसई-विरार शहराचा भाग बनली आहे. जानेवारी महिन्यात साजऱ्या होणाऱ्या मराठी भाषा संवर्धन पंधरवड्यात तिच्या महाविद्यालयात विकिपीडिया संपादनाची एक कार्यशाळा झाली. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावाविषयीच्या लेखात भर घालावी, असे त्यात ठरले. मराठी विकिपीडियावर गावांविषयीचे असंख्य लेख दोन-चार ओळींचे आणि एकाच साच्यातले आहेत. गाव कोणत्या तालुक्यात व जिल्ह्यात आहे, एवढे सांगून ते संपतात. आपल्या गावाची नोंद अशी रिकामी राहू नये, ही तिची भावना योग्यच होती.

त्याच रात्री तिने सुमारे चारशे शब्द लिहिले. गावाचे नाव चंदनाच्या झाडांवरून पडले असावे, असे तिची आजी सांगत असे. तो मजकूर तिने पहिल्या परिच्छेदात घातला. पुढे परिसर निसर्गरम्य असल्याचे, लोक कष्टाळू व अतिथ्यशील असल्याचे आणि गावाचा विकास झपाट्याने होत असल्याचे लिहिले. लोकसंख्या बारा लाखांवर असल्याचे नमूद केले. वसईच्या इतिहासाचा एक परिच्छेद तिने एका पुस्तकातून जसाच्या तसा उतरून घेतला.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी तिने लेख उघडला तेव्हा त्यातील जवळजवळ सर्व मजकूर नाहीसा झाला होता. तिला अतिशय वाईट वाटले आणि रागही आला. आमच्या गावाविषयी आम्हांला माहिती नसेल, तर ती दुसऱ्या कोणाला असणार, हा तिचा प्रश्न होता. हाच प्रश्न अनेक ग्रामस्थांच्या व पंचायत सदस्यांच्याही मनात येतो. म्हणून त्याचे उत्तर नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

लेखामागील चर्चा

विकिपीडियावरील प्रत्येक लेखाला आणखी दोन पाने जोडलेली असतात. सामान्य वाचक ती क्वचितच उघडतो. त्यांपैकी एक इतिहासाचे पान होय. लेखात कोणी, कोणत्या दिवशी व कोणत्या वेळी कोणता बदल केला, याची पूर्ण नोंद त्यावर असते. पुसलेला मजकूरही तेथे सहसा जतन झालेला असतो व आवश्यक वाटल्यास तो परत आणता येतो. दुसरे पान चर्चेचे. लेखातील एखाद्या विधानाविषयी मतभेद झाल्यास त्याचा विचार या पानावर होतो. संपूर्ण कोशाविषयीच्या सार्वजनिक चर्चेच्या जागेला मराठी विकिपीडियावर ‘चावडी’ आणि नवशिक्याने सरावासाठी वापरावयाच्या पानाला ‘धूळपाटी’ असे म्हणतात. गावच्या व शाळेच्या व्यवहारातील हे जुने शब्द या नव्या माध्यमात चपखल बसले आहेत.

विद्यार्थिनीने इतिहासाचे पान उघडले तेव्हा तिचा मजकूर काढणाऱ्या संपादकाने थोडक्यात कारणे दिल्याचे तिला दिसले. संदर्भ नाही, भाषा जाहिरातवजा आहे आणि एक परिच्छेद प्रताधिकार असलेल्या पुस्तकातून घेतला आहे, अशी ती तीन कारणे होती. तिने चर्चापानावर आपली नाराजी सभ्य शब्दांत नोंदवली आणि नेमके काय चुकले ते विचारले. दोन दिवसांनी एका अनुभवी संपादकाने सविस्तर उत्तर दिले. त्याने तिच्या उत्साहाचे स्वागत केले, पण एकाही नियमाला मुरड घातली नाही.

नियमांमागील भूमिका

या ज्ञानकोशाचे मजकुराविषयीचे मुख्य नियम तीन आहेत. लेखनाची भूमिका तटस्थ असावी, हा पहिला. प्रत्येक महत्त्वाचे विधान वाचकाला पडताळून पाहता यावे, हा दुसरा. आणि लेखकाने स्वतःचे नवे संशोधन किंवा तर्क त्यात मांडू नयेत, हा तिसरा.

प्रथमदर्शनी तिसरा नियम विचित्र वाटतो. ज्ञानकोशात नवे ज्ञान नको, हे कसे? पण लेखक कोण आहे, हेच जेथे वाचकाला ठाऊक नसते, तेथे लेखकाच्या अधिकारावर विसंबून राहता येत नाही. विश्वकोशातील नोंदीखाली तिच्या लेखकाचे नाव असते आणि मागे संपादक मंडळाची जबाबदारी उभी असते. मुक्त ज्ञानकोशात त्या जबाबदारीची जागा संदर्भाने घ्यावयाची असते. विधान खरे आहे, एवढे पुरेसे नाही. ते खरे असल्याचे अन्यत्र, जबाबदार प्रकाशनात, छापले गेले आहे काय, हे वाचकाला तपासता आले पाहिजे. न्यायालयात साक्षीदार कितीही प्रामाणिक असला तरी ऐकीव गोष्ट पुरावा म्हणून सहसा ग्राह्य धरली जात नाही. काहीसा तसाच हा प्रकार आहे.

या कसोटीवर विद्यार्थिनीने आपला मजकूर वाक्यवार तपासला. ‘निसर्गरम्य’, ‘कष्टाळू’, ‘झपाट्याने विकास’ ही विशेषणे कोणत्याही गावाला लावता येतात. त्यांतून वाचकाला कसलीच माहिती मिळत नाही. बारा लाखांवरील लोकसंख्या ही २०११ च्या जनगणनेनुसार संपूर्ण वसई-विरार शहराची होती. ती तिने एका वस्तीच्या नावावर लिहिली होती. आकडा खरा होता, पण भलत्या जागी पडल्यामुळे विधान खोटे ठरले. पुस्तकातून उतरलेल्या परिच्छेदाबाबत तर कायद्याचाच प्रश्न होता. १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमानुसार लेखकाच्या हयातीत व त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याच्या प्रकाशित लेखनावरील प्रताधिकार कायम असतो. विकिपीडियावरील मजकूर मात्र कोणालाही पुन्हा वापरता येईल अशा मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध होतो. दुसऱ्याच्या मालकीची वस्तू आपल्या हाताने सर्वांना वाटून टाकण्याचा अधिकार आपणास नाही, हे तिला पटले.

पुराव्याचा शोध

दुसऱ्या प्रयत्नासाठी तिने धूळपाटीचा आश्रय घेतला आणि ग्रंथालयाची वाट धरली. तिच्या हाती जी साधने आली, ती प्रत्येक जिल्ह्यातील शिक्षकाला उपयोगी पडणारी असल्याने त्यांचा उल्लेख करणे उचित होईल.

पहिले साधन जनगणनेचे. जिल्हा जनगणना पुस्तिकेत गाव व नगर यांविषयीची माहिती तक्त्यांच्या स्वरूपात असते. मात्र ही पुस्तिका वाचताना तिला एक अडचण आली. २०११ च्या जनगणनेत वसई तालुका ठाणे जिल्ह्यात दाखविलेला आहे. पालघर जिल्हा त्यानंतर, १ ऑगस्ट २०१४ रोजी, ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. तेव्हा पुस्तिकेतील माहिती चुकीची नव्हती. ती तिच्या काळापुरती बरोबर होती. प्रत्येक विधानाला त्याचा काळ जोडला पाहिजे, हा धडा विद्यार्थिनीला येथे मिळाला.

प्रशासकीय दर्जाबाबतही तसेच झाले. वसई-विरार शहर महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजी स्थापन झाली. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व भोवतालची अनेक गावे तिच्यात एकत्र करण्यात आली. जुन्या कागदपत्रांत ज्या वस्तीचा उल्लेख गाव म्हणून येतो, ती आजच्या कागदपत्रांत शहराचा भाग म्हणून येते. या बदलाच्या तारखा न देता केवळ ‘गाव’ किंवा केवळ ‘शहराचा भाग’ असे लिहिले, तर वाचकाचा गोंधळ होतो.

दुसरे साधन गॅझेटियर अथवा दर्शनिका. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे ठाणे जिल्ह्याविषयीचे भाग १८८२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील चौदावा खंड जिल्ह्यातील स्थळांना वाहिलेला आहे. वसई व सोपारे यांसारख्या प्राचीन स्थळांना त्यात पुष्कळ पाने मिळाली आहेत. लहान गावांच्या वाट्याला अर्थातच थोडी जागा आली आहे. राज्य शासनाने पुढे ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरची सुधारित आवृत्तीही काढली. १८८२ चे खंड प्रताधिकारातून मुक्त झाले असल्याने त्यांचा उपयोग निर्धास्तपणे करता येतो. परंतु त्या खंडांतील रस्ते, लोकसंख्या, पिके व व्यापार हे सर्व त्या काळचे आहे, आणि राज्यकर्त्यांच्या नजरेने पाहिलेले आहे, याचे भान ठेवावे लागते.

तिसरे साधन वृत्तपत्रांचे. बातमीचा संदर्भ ग्राह्य असतो. परंतु एखाद्या वार्ताहराने घाईत विकिपीडियावरूनच माहिती घेतली असेल आणि नंतर त्याच बातमीचा दाखला विकिपीडियावर दिला गेला असेल, तर पुराव्याचे केवळ वर्तुळ तयार होते. अशा वेळी दोन्हींच्या तारखा ताडून पाहणे, हाच उपाय आहे.

सोपाऱ्याचा दाखला

विरारपासून जवळच असलेल्या सोपाऱ्याची हकीकत या संदर्भात उद्बोधक आहे. प्राचीन काळी शूर्पारक या नावाने प्रसिद्ध असलेल्या या बंदराच्या ठिकाणी एक मोठे टेकाड होते. लोक त्याला ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा तो राजाचा कोट नसून बौद्ध स्तूप असल्याचे सिद्ध झाले. स्तूपाच्या मध्यभागी दगडी पेटी मिळाली व तीत अस्थिकरंडक आणि आठ बुद्धमूर्ती आढळल्या. सोपाऱ्याच्या परिसरातच अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्यांना मिळाला. पुढे १९५६ मध्ये याच परिसरात नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला.

या हकीकतीतून दोन गोष्टी लक्षात येतात. लोकांची आठवण जशीच्या तशी इतिहास म्हणून स्वीकारली असती, तर तो स्तूप आजही बुरुड राजाचा कोट राहिला असता. पण लोकांनी त्या टेकाडाला नाव देऊन त्याचे वेगळेपण मनात जपले नसते, तर संशोधकाचे लक्ष तिकडे किती लवकर गेले असते, हेही सांगता येणार नाही. म्हणजे मौखिक परंपरा टाकाऊ नव्हे. ती शोधाची दिशा सुचविते. निष्कर्ष मात्र पुराव्याने निघतो.

जे लिहिता आले नाही

महिनाभराच्या परिश्रमानंतर विद्यार्थिनीने चंदनसारच्या लेखात जी भर घातली, ती आठ वाक्यांची होती. पहिल्या रात्रीच्या चारशे शब्दांच्या जागी ही आठ वाक्ये आली. त्यांत स्थान, प्रशासकीय दर्जा व त्यातील बदलांच्या तारखा, दळणवळण आणि परिसर यांविषयीची माहिती होती. प्रत्येक वाक्यापुढे संदर्भ होता. गावातील रस्त्याचे एक छायाचित्र तिने स्वतः काढून मुक्त परवान्याखाली दिले. या वेळी कोणीही काही काढले नाही. उलट एका अपरिचित संपादकाने शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या.

आजीने सांगितलेली नावाची व्युत्पत्ती मात्र या आठ वाक्यांत नाही. तिला छापील आधार मिळाला नाही. हे सांगताना तिच्या स्वरात आजही थोडी खंत असते. येथे या ज्ञानकोशाची एक खरी मर्यादा दिसून येते. ज्या समाजांचे जीवन लेखी नोंदींत फारसे आलेले नाही, त्यांचे ज्ञान या नियमांमुळे बाहेर राहते. पालघर जिल्ह्यात आदिवासी समाजाची वस्ती मोठी आहे. औषधी वनस्पतींची, मासेमारीची, भातशेतीच्या वाणांची आणि पाड्यापाड्यांच्या नावांची कितीतरी माहिती केवळ वडीलधाऱ्यांच्या मुखी आहे. नियम सैल करून ती विकिपीडियात घालणे हा त्यावरील उपाय नव्हे. तसे केल्यास खरी आठवण आणि रचलेली कथा यांतील भेद करण्याचे साधनच उरणार नाही. ती माहिती आधी पद्धतशीरपणे नोंदवून जबाबदार संस्थांनी प्रसिद्ध करणे, हा खरा उपाय आहे.

विद्यार्थिनीने तेच केले. एका वहीत तिने आजीचे सांगणे, तारीख, आजीचे वय आणि ही माहिती आजीला कोणाकडून कळली, हे सर्व लिहून घेतले. त्यासाठी आजीची संमती घेतली. शेजारच्या आणखी काही वृद्धांनाही तिने तोच प्रश्न विचारला. उत्तरे एकसारखी आली नाहीत, आणि जी आली ती सर्व तिने वेगवेगळी नोंदवली. ही वही आज तिच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आहे.

शहरीकरणाच्या वेगामुळे या कामास विलंब परवडणारा नाही. विरार, नालासोपारा परिसरात गेल्या काही दशकांत बाहेरून आलेल्या कुटुंबांची वस्ती मोठ्या प्रमाणावर वाढली. शेते, तळी व वाटा यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. ज्या पिढीला त्या शेतांची नावे ठाऊक आहेत, ती पिढी आता वृद्ध झाली आहे.

नोंद चुकली तर काय होते

दोन ओळींच्या लेखात एखादी चूक राहिली तर एवढे काय बिघडते, असे कोणी म्हणेल. परंतु विकिपीडियावरील मजकूर आता केवळ विकिपीडियावर राहत नाही. शोधयंत्रे तो उचलतात. भ्रमणध्वनीवर प्रश्न विचारल्यास मिळणारी उत्तरेही अनेकदा त्यावर आधारलेली असतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणाली ज्या मजकुरावर शिकतात, त्यातही या ज्ञानकोशाचा वाटा मोठा आहे. इंग्रजीत एका विषयावर शेकडो ठिकाणी माहिती उपलब्ध असल्याने एका ठिकाणची चूक दुसरीकडे सापडते. मराठीत लहान गावाविषयी बहुधा तेवढा एकच मजकूर असतो. तो चुकला तर चूकच सर्वत्र जाते.

याच प्रणालींकडून लेख लिहवून घेण्याचा मोह अलीकडे विद्यार्थ्यांना होतो. अशा लेखांची भाषा सफाईदार असते, पण त्यांत अस्तित्वात नसलेली पुस्तके संदर्भ म्हणून दिलेली आढळतात. शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या भाषेपेक्षा त्यांच्या संदर्भांची तपासणी अधिक काळजीपूर्वक करावी. ज्या पुस्तकाचा दाखला दिला, ते पुस्तक विद्यार्थ्याने उघडून दाखविलेच पाहिजे, एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ काम होईल.

पंचायती, शाळा व कार्यालये यांचे कार्य

या अनुभवातून सर्वांत महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते ती अशी, की गावाच्या नोंदीसाठी लागणारा पुरावा बहुतेक वेळा शासकीय व स्थानिक संस्थांच्या कपाटांतच असतो. तो बाहेर आला नाही, तर गावाची नोंद रिकामी राहते किंवा ऐकीव माहितीने भरते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या चौथ्या कलमानुसार सार्वजनिक प्राधिकरणांनी आपली माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावयाची आहे. त्या तरतुदीचा हा एक विधायक उपयोग होऊ शकतो.

ग्रामपंचायतींना पुढील गोष्टी सहज करता येण्याजोग्या आहेत. गावाची स्थापना, विभाजन, नामांतर, शाळा, पाणीपुरवठा योजना, तलाव इत्यादींविषयीची माहिती तारीखवार संकलित करून ती अहवालाच्या रूपाने प्रसिद्ध करावी. अहवालावर वर्ष व प्रकाशकाचे नाव असावे. मजकूर युनिकोड मराठीत असावा, कारण जुन्या पद्धतीच्या टंकांत तयार केलेला किंवा केवळ छायाप्रतीच्या रूपात असलेला मजकूर संगणकावर शोधता येत नाही. जी गावे नगरपालिकेत वा महानगरपालिकेत समाविष्ट झाली आहेत, त्यांच्या जुन्या पंचायतींचे दप्तर कोठे आहे, याची चौकशी करून ते सुरक्षित ठेवावे.

कार्यालयांनी आपल्या प्रकाशनांच्या वापराविषयीच्या अटी स्पष्ट लिहाव्यात. शासकीय प्रकाशन असले तरी त्यावर सामान्यतः प्रताधिकार असतो, याची अनेकांना कल्पना नसते. केंद्र शासनाने २०१७ मध्ये खुल्या शासकीय आकडेवारीसाठी एक परवाना जाहीर केला आहे. शेजारच्या गोव्यात गोवा विद्यापीठाने कोंकणी विश्वकोशाचे चारही खंड २०१३ मध्ये मुक्त परवान्याखाली खुले केले. ही दोन्ही उदाहरणे मार्गदर्शक ठरावीत.

शाळा व महाविद्यालये यांनी संपादनाकडे स्पर्धा म्हणून पाहू नये. किती लेख लिहिले, किती शब्द घातले, यांवर गुण दिले गेले की विद्यार्थी मजकूर उतरवू लागतात. एका सत्रात एका विद्यार्थ्याने एका लेखात दहा वाक्ये संदर्भासह लिहिली, तरी ते भरीव काम होय. प्रारंभ धूळपाटीवर करावा. मजकूर काढला गेल्यास चर्चापानावर विचारणा करावी आणि मिळालेले उत्तर वर्गात वाचून दाखवावे. गावातील वृद्धांच्या आठवणींच्या वह्या हा शाळेचा स्वतंत्र उपक्रम असावा.

एक पथ्य मात्र सर्वांनी पाळले पाहिजे. सरपंचाने स्वतःविषयी, अधिकाऱ्याने आपल्या कार्यालयाविषयी किंवा मुख्याध्यापकाने आपल्या शाळेविषयी लेख लिहू नये. हेतू चांगला असला तरी तटस्थता राहत नाही. चूक दिसल्यास ती चर्चापानावर पुराव्यासह दाखवून द्यावी. दुरुस्तीचे काम दुसऱ्याला करू द्यावे.

समारोप

चंदनसारच्या विद्यार्थिनीने लिहिलेली आठ वाक्ये ही संख्येने अल्प आहेत. परंतु ती लिहिताना तिने जनगणनेचे तक्ते वाचले, जिल्ह्याच्या विभाजनाची तारीख शोधली, शहराचा आकडा व गावाचा आकडा यांतील फरक ओळखला, आपल्याला प्रिय असलेली एक गोष्ट पुराव्याअभावी बाजूस ठेवली आणि ती हरवू नये म्हणून वेगळी जपली. आपल्या प्रशासनात, शिक्षणात आणि सार्वजनिक चर्चेत याच सवयींची गरज आहे.

वाचकांनी आपापल्या गावाचा लेख एकदा उघडून पाहावा. तालुका, जिल्हा, लोकसंख्येचे वर्ष आणि संदर्भ एवढ्याच गोष्टी तपासाव्यात. त्यांत उणीव आढळल्यास ती भरून काढणारा कागद आपल्याच कार्यालयात, शाळेत किंवा पंचायतीत आहे काय, याचा शोध घ्यावा. तो सापडल्यास प्रसिद्ध करावा. पुढचे काम एखादा विद्यार्थी निश्चितच करील.